करडी खूण

तार्तूत फेब्रुवारी म्हणजे पाचच्या आत लागलेले दिवे,
एमायोगी नदी काठापासून काठापर्यंत गोठलेली,
आणि वाचनालयाच्या तळघरात आम्ही चौघं,
कोट न काढता,
एका यादीभोवती.

सातशे मेगाबाइट. त्यावर थेंबही नाही, तनिस म्हणाला.
वरुमाकडच्या शाळांत अजून ती म्हातारी यंत्रं आहेत,
फक्त सीडीवरून उठणारी,
घरघरत, कण्हत,
पण उठणारी.

इन्स्टॉलरमध्ये दोन खुणा असतात.
काळी : हवं तर ठेवा, नको तर काढा.
करडी : ही निघत नाही,
बोट झिजेपर्यंत दाबलं तरी.
करडी कुणाला द्यायची,
एवढ्यासाठी तीन आठवडे, अकरा किटल्या कॉफी,
आणि रेलिकाचं अर्धं विणलेलं मोजे.

कर्नलचं कुणी विचारलंच नाही.
जेवायला बसताना जमीन हवी का, असं कोण विचारतं?
वायफायच्या ड्रायव्हरवर उर्मस म्हणाला, नेटवरून उतरवतील की.
रेलिकानं सुई थांबवली :
म्हणजे दोर विहिरीच्या तळाशी ठेवायचा
आणि म्हणायचं, उतरून घेऊन या.
करडी.

एडिटरवरून मात्र जुंपली.
उर्मसला तो जुना हवा होता,
ज्यातून बाहेर कसं पडायचं
हे शिकायला त्यालाच एक हिवाळा लागलेला.
तनिसला साधा, खाली बटणं लिहिलेला.
दोघं दोन दिवस बोलले नाहीत.
एकमेकांना मीठ मागायचे ते माझ्यामार्फत.

मग विल्यान्दीहून हेल्दुरचं पत्र आलं.
हेल्दुर पियानो जुळवतो. जन्मापासून दिसत नाही त्याला.
लिहिलं होतं :
'पडदा वाचून दाखवणारा आवाज तुम्ही ऐच्छिक ठेवलात. आभार.
पण तुमचं ऐच्छिक गोष्टींचं पान माझ्यासाठी कोरं असतं.
मागच्या खेपेला शेजारचा मुलगा बोलावला.
माझा पासवर्ड त्याच्या बोटांनी टाकला.
चांगला मुलगा आहे.
तरी, स्वतःच्या दाराचं कुलूप
तुम्ही कधी दुसऱ्याला बसवायला सांगून
किल्लीही त्यालाच घडवायला दिलीत का?'

कुणी काही बोललं नाही.
तनिसनं आकडा काढला : अडतीस मेगाबाइट.

कात्री यादीवरून फिरू लागली.
पत्त्यांचे खेळ गेले. बर्फाची चित्रं गेली.
मग माझं नामदिनांचं कॅलेंडर आलं,
रोज सकाळी कोपऱ्यात उमलणारं,
आज कुणाचं नाव, कुणाला फुलं न्यायची ते सांगणारं.
दोन हिवाळे घातले होते मी त्यात.
सगळे खिडकीकडे बघत बसले,
तळघराच्या, जिथून फक्त बूट दिसतात.
मीच काढलं.
खरं सांगते, मोठ्या मनानं नाही.
घरी जाऊन भांडी जरा जोरात घासली.

शनिवारी रात्री पहिली सीडी चढवली.
पडदा मुद्दाम बंद ठेवला.
काळोख. पंख्याची घरघर. एक मिनिट. दोन.
उर्मस म्हणाला, गेलं वाटतं.
आणि स्पीकरमधून, सर्दी झालेल्या कारकुनासारखा, आवाज आला :
'वलि केल.'
भाषा निवडा.

आमच्याकडे केल म्हणजे भाषा.
केल म्हणजे जीभही.
आणि वाद्याची तार, तीही केलच.
इतकी वर्षं ही ओळ डोळ्यांनीच वाचली होती,
त्यामुळे कधी ऐकली नव्हती.

हेल्दुरला फोन लावून
मी रिसीव्हर स्पीकरपाशी धरला.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, सूर थोडा उतरलाय,
पण चालेल.

मागून तनिस :
अजून चार मेगाबाइट जास्त होतायत.
उर्मसनं आपला जुना एडिटर यादीत शोधला,
त्यावर बोट ठेवलं,
आणि ठेवूनच बसला.